हिंगणखारच्या दलदलीचा सौदा

वऱ्हाडातून परत आले तेव्हा शेजारच्या वहिनींनी विचारलं, "संत्री आणली का?" नाही आणली. तिकडे मी जी एकमेव खरेदी केली, ती पिशवीत मावणारी नव्हती. मी एक दलदल विकत घेतली. पाणकणसं, बेडूक, डास आणि दुपारी तिच्यात लोळणाऱ्या म्हशी यांच्यासकट. सातबाऱ्यावर माझं नाव नाही आणि कधी लागणारही नाही. पण हिंगणखारात जाऊन कोणालाही विचारा, ही दलदल कोणाची? "कोल्हापूरच्या मॅडमची" असंच उत्तर मिळेल. हे कसं घडलं ते सांगते. तिकडे जाणं फारसं कोणाच्या वाट्याला येत नाही, आणि गेलंच तर निदान हात कुठे घालायचा नाही एवढं तरी कळावं.

अमरावती

दिवाळी नुकतीच सरली होती. बडनेऱ्याला उतरले तेव्हा हवेत बरा गारवा होता आणि रिक्षावाला माझ्याशी भांडल्यासारखा बोलत होता. "बसा ना मॅडम, काहून उभ्या राह्यल्या?" मी दचकून बसले. पुढे आठवडाभर सगळेच तसं बोलले आणि प्रत्येकाने जेवायला घातलं, तेव्हा कळलं की इथे आवाज आणि राग यांचा संबंध नसतो. आमच्याकडेही माणसं रांगडी बोलतात, पण शेवटी "काय?" लावून समोरच्याला थोडी जागा ठेवतात. वऱ्हाडी माणूस वाक्य टाकतो ते दार लावल्यासारखं.

मला बोलावलं होतं वैशालीने. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे तेव्हा ती माझी विद्यार्थिनी होती. आता लग्न होऊन अमरावतीत राहते आणि गावोगावच्या पाणवठ्यांचं काम करते. तिने आधी मला गिला वडा खाऊ घातला. दही, चटणी आणि आत पूर्ण शरण गेलेला वडा. मी दुसरी प्लेट मागितल्यावर तिने काम सांगितलं.

"मॅडम, एका दलदलीची किंमत काढून द्या."

दर्यापूरच्या पुढे पूर्णा नदीच्या अंगाने खारपाणपट्टा आहे. जमीन काळी, कापूस-सोयाबीन उत्तम, पण खाली पाणी खारट. बोअर मारला की मीठच वर येतं. हिंगणखार त्याच पट्ट्यातलं, तरी तिथे एक विहीर गोडी आहे, कारण तिच्या वरच्या अंगाला ही दलदल आहे. पावसाचं पाणी तिच्यात थांबतं, हळूहळू मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याची साय धरते. शिवाय गावाचं गटारही तिच्यातच जातं आणि पाणकणसांतून फिरून दुसऱ्या टोकाला स्वच्छ होऊन निघतं. गावाने मात्र ठराव केला होता सुशोभीकरणाचा. दलदल खोल खणायची, चारी बाजूंनी सिमेंट, मधोमध कारंजं.

"मग त्यांना सांग ना हे सगळं," मी म्हटलं.

"सांगितलं. मी परिसंस्था म्हटलं की लोक उठून तंबाखू मळायला जातात. रुपये म्हटलं की बसतात. मला आकडा पाहिजे मॅडम."

जन्मभर मुलांना मागणी-पुरवठा शिकवला, पण एखाद्या डबक्याची किंमत काढण्याची वेळ आली नव्हती. पद्धत मात्र ठाऊक होती. एक, दलदलीचं काम यंत्राने करायचं ठरवलं तर किती खर्च येईल ते पाहायचं. दोन, लोकांनाच विचारायचं, ही राखायला तुम्ही काय द्याल? पुस्तकात हे फार सोपं वाटतं.

दर्यापूर, आणि पुढे जीपमध्ये

दर्यापूरपर्यंत बस आणि तिथून सहा आसनांच्या जीपमध्ये अख्खा बाजार कोंबलेला. माझ्या मांडीवर कोणाची तरी मेथीची जुडी होती. शेजारच्या म्हातारबाबांनी विचारलं, "कोनाच्या घरी जाता?"

"कोणाच्या घरी नाही. हिंगणखारच्या दलदलीची किंमत काढायला चाललेय."

ड्रायव्हर आरशात पाहून म्हणाला, "थे गाऱ्याचं डबरं? त्याले कोन घेते?"

"घेत कोणी नाही. फक्त किंमत काढायची."

"घ्यायचं नाई, अन् किंमत कावून काढता?" बाबा म्हणाले.

याचं उत्तर मी पुढच्या फाट्यापर्यंत देत होते. गोड्या पाण्याची साय, गटार, पाणकणसं, सगळं सांगितलं. बाबांनी लक्ष देऊन ऐकलं आणि मागे वळून बाकीच्यांना सारांश सांगितला, "मॅडम डबरं घ्याले आल्या. पन आता बोलून नाई राहिल्या."

मी गावात पोचण्याआधी ही बातमी पोचली. कशी ते मला अजून माहीत नाही, कारण जीप एकच होती.

हिंगणखार

माझी सोय दिगंबरभाऊ काळ्यांकडे होती. ते गावचे उपसरपंच. उंच, सावकाश बोलणारे, आणि गोंधळात टाकणारं वाक्य बोलल्यावर चेहरा जराही न हलवणारे. कारंज्याच्या ठरावाला पहिला हात त्यांनीच वर केला होता. कारंजं यायचं होतं, पण त्याच्या काठावर लावायची ‘आय लव्ह हिंगणखार’ अशी मोठाली अक्षरं आधीच येऊन त्यांच्या गोठ्यात पडली होती. लव्हच्या जागी जो लाल बदाम होता, त्याच्या खळग्यात एक कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"हिले उठवू नोका," दिगंबरभाऊ म्हणाले. "सरकारी कामात बसली हाये."

दलदल पाहिली. खरं सांगायचं तर पहिल्या नजरेत मलाही तिच्यावर प्रेम करावंसं वाटलं नाही. माणसाच्या उंचीची पाणकणसं, मध्ये बेशरमची झुडपं, काळा गारा म्हणजे चिखल आणि एक म्हैस, जी माझ्याकडे जागेचे कागद मागितल्यासारखी पाहत होती. पण वरच्या टोकाला गटाराचं करडं, वास मारणारं पाणी आत जात होतं आणि खालच्या टोकाला ओघळ बाहेर पडत होता तो नितळ. त्यात बारीक मासे होते. पलीकडे विहिरीवर बायका पाणी शेंदत होत्या.

रात्री मंदाताईंनी, म्हणजे दिगंबरभाऊंच्या बायकोने, ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा आणि तुरीचं वरण वाढलं. वरण इतकं मऊ आणि साधं होतं की मी वाटी तोंडाला लावली. त्यांना ते आवडलं. त्यांनी उठून दुसरं छोटं पातेलं आणलं.

"हे खाऊन पाहा. हे बोअरच्या पान्यातलं. तुमच्यासाठीच लावलं होतं."

डाळीचा दाणा दातांखाली खड्यासारखा वाजला.

"खाऱ्या पान्यात शिजतच नाई. कितीबी लाकडं लावा. अन् ह्याईले," त्यांनी नवऱ्याकडे हात केला, "कारंजं पाह्यजे. मले इचारलं काय कोनी ठरावाच्या टाइमाले?"

दिगंबरभाऊ ताटाकडे पाहत जेवत राहिले. आमच्या कोल्हापुरात पंचगंगा एवढी जवळ की डाळ कोणत्या पाण्यात शिजवायची हा प्रश्न मला साऱ्या संसारात पडला नव्हता. त्या खड्यासारख्या दाण्यामुळे मला या कामाची काळजी वाटू लागली. तोवर ती नुसती सहल होती.

दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन मी पुस्तकातला प्रश्न विचारला. ही दलदल राखायला तुम्ही काय द्याल?

पहिल्याच घरातली आजी म्हणाली, "मी कावून देऊ? माही म्हैस बसते तिथं. तिले इचारा." पुढच्या घरातले गृहस्थ म्हणाले, "इतकी इचारपूस तं माह्या पोराच्या लग्नात सोयऱ्याईनं नाई केली." तरी सकाळभर भाव चढता राहिला, कारण गावाचा समज होता की मी घेणारी आहे. प्रत्येक घर आधीच्या घरापेक्षा जास्त सांगत होतं. एकाने तर बेडकांचे वेगळे लावले.

दुपारी कोणीतरी म्हणालं की मॅडम कर बसवायला आल्या आहेत, जो जास्त सांगेल त्याच्यावर जास्त. जेवून मी परत बाहेर पडले तर दलदल फुकट झालेली. "थे तं काहीच कामाचं नाई जी. तुमीच घेऊन जा." सकाळी बेडकांचे पैसे लावणारा माणूस मला म्हणाला की आपण त्या बाजूला कधी गेलोच नाही.

मी ओट्यावर येऊन बसले. अर्थशास्त्र जोडीला होतं, पण तेही काही बोलत नव्हतं. दिगंबरभाऊंना माझी दया आली.

"मॅडम, तुमी इचारून राहिल्या चुकीच्या मानसाईले. किंमत काढनं हा धंदा असते. मी किंमत काढनारा मानूस आनतो."

रशीदभाई आणि रुकय्याआपा

किंमत काढणारा माणूस म्हणजे रशीदभाई, या भागातल्या बैलबाजारांतले जुने दलाल. दुसऱ्या दिवशी ते मोटारसायकलवरून आले. पांढराशुभ्र कुर्ता, खांद्यावर रुमाल, आणि मागे बसलेली मोठी बहीण रुकय्याआपा. आपा अकोल्याला राहत, शेळ्यांचा व्यापार करत, आणि दिवाळीनंतर भावाकडे आल्या होत्या.

रशीदभाईंनी आधी चहा घेतला, मग दलदलीला एक पूर्ण फेरी मारली. सगळं गाव मागे. त्यांनी एक पाणकणीस ओढून पाहिलं, गाऱ्यात काठी खुपसली, वास घेतला. मग गंभीरपणे विचारलं, "काम काय करते?"

"पाणी गाळते आणि धरून ठेवते," मी म्हटलं.

"खाते काय?"

"गटार."

"म्हंजे चारा फुकट." त्यांनी मान डोलावली. "दुखनं?"

"डास," दिगंबरभाऊ म्हणाले.

"खोड काही? कामाच्या मधातच बसते काय?"

"बसेलच हाये ते. जन्मापासून."

"वय?"

कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यात म्हातारे गृहस्थ म्हणाले की त्यांच्या आज्यानेही ती अशीच पाहिली होती. रशीदभाईंना हे पटलं नाही. इतक्या वयाचं जनावर अजून कामाला लागतं, तर ऐब कुठेतरी आहे, असं त्यांचं मत पडलं. शेवटी ते म्हणाले, "पाहा मॅडम, माल पाह्यला. पन गिऱ्हाईक असल्याबिगर किंमत नसते. गिऱ्हाईक उभं करा."

घेणारा कोणी नव्हता. सगळं गाव माझ्याकडे पाहू लागलं.

"फक्त किंमत कळण्यापुरतं," मी म्हटलं. हे वाक्य मला महागात पडलं.

तिकडच्या बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडे सांगतात. बाहेरच्याला काही कळत नाही. रशीदभाईंनी रुमाल झटकला आणि थबकले. परस्त्रीचा हात कसा धरायचा? त्यांनी बहिणीला पुढे केलं. गावाच्या वतीने आपा विकणार आणि मी घेणार. आपांनी ओढणी पसरली, माझा हात खाली ओढला आणि कामाला लागल्या.

मला त्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं. त्या माझं एखादं बोट दाबत, मग दोन, मग तळव्यावर खूण करत, आणि माझ्या डोळ्यांत पाहत. मी नम्रपणे हसत होते. "नको हसू," त्या पुटपुटल्या, "हंसी का मतलब अलग होता." मी हसू आवरलं तर तेवढ्यात एक बेडूक गाऱ्यातून उडाला आणि थेट माझ्या पावलावर बसला. मी जीव खाऊन आपांचा हात आवळला.

आपांचा चेहरा उजळला. "हो गया!" त्या ओरडल्या. "मुबारक हो!"

पुढचं मला नीट आठवत नाही. माझ्याकडून एक नाणं विसार म्हणून घेतलं गेलं. कोणीतरी गुलाल आणला. विकलेल्या बैलाला लावतात तसा तो पाणकणसांवर उधळला, मग म्हशीवर, मग माझ्यावर. नारळ फुटला. मी ओरडून सांगत होते की हे फक्त समजण्यासाठी होतं, आणि रशीदभाई मला शांतपणे समजावत होते की रुमालातला सौदा आजवर मोडलेला नाही.

"बरं, पण किती ठरले?" मी विचारलं. मला निदान आकडा तरी हवा होता.

त्यांनी कानाला हात लावला. "रुमालातली गोष्ट बाहेर नाई सांगत."

मालकीण

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर रांग लागली होती. माझ्या बेडकांनी एकाला झोपू दिलं नव्हतं. माझ्या डासांनी दुसऱ्याच्या सुनेला ताप आणला होता. आजींनी म्हशीच्या लोळण्याचं भाडं किती ते विचारलं आणि मी काही नको म्हटल्यावर संशयाने पाहिलं. मी आपली पोहे खात "बघते, बघते" म्हणत होते, आणि तेवढ्यात रस्त्यावरून घरघर ऐकू आली.

कारंज्याच्या कामाची खोदायची मशीन आली होती. चालक होता प्रकाश, अकोल्याचा तरुण, गळ्यात मफलर. त्याने मशीन दलदलीच्या कडेला लावली आणि विचारलं, "कोठून सुरू करू?"

हा खेळ नव्हता. चार दिवसांत ही मशीन सगळं उचलून नेणार होती, आणि मंदाताई गर्दीत घागर कमरेवर घेऊन उभ्या होत्या. गावाने ठराव केलेला, काम मंजूर, मी पाहुणी. मी दिगंबरभाऊंकडे पाहिलं. ते मंदाताईंकडे पाहत होते. मग ते पुढे झाले, चेहरा तसाच.

"आमाले नोको इचारू बापा. आमी विकली."

"काय विकली?"

"दलदल. काल. या मॅडमले. पाह्य, गुलाल हाये अजून."

प्रकाशने पाणकणसांवरचा गुलाल पाहिला, म्हशीवरचा पाहिला, माझ्या केसांतला पाहिला. त्याने ठेकेदाराला फोन लावला. फोनमधून खूप आवाज आला. मग त्याने फोन कानापासून दूर धरून मला विचारलं, "साहेब म्हनते, मालकिनीची परवानगी हाये काय?"

मी त्या जागेची मालकीण नव्हते. हे मला, दिगंबरभाऊंना, कदाचित म्हशीलाही माहीत होतं. पण सगळं गाव इतक्या सरळ चेहऱ्याने माझ्याकडे पाहत होतं की माझ्या तोंडून आलं, "नाही."

ठेकेदार फोनवर म्हणाला की मालकी-बिलकी नंतर पाहू, तोवर कोपऱ्यात एक खड्डा घेऊन किती खोल जातं ते बघ. त्याला अडवायला कोणाला सुचलं नाही. प्रकाशने पलीकडच्या कोपऱ्यात खोल खड्डा घेतला आणि मशीन बंद करून तो रात्री शाळेच्या व्हरांड्यात झोपला.

सकाळी खड्ड्यात पाणी साठलं होतं. अगदी नितळ, विहिरीच्या पाण्याहून सुंदर दिसणारं. दोन-चार जण म्हणालेही, "पाहा, किती साफ निंगालं. उगाच भेवून राहिलो." प्रकाशने त्याच पाण्याचा चहा ठेवला आणि मोठ्या मनाने सगळ्यांना दिला. दिगंबरभाऊ, मी, आजी, बेडकांचे पैसे लावणारे गृहस्थ, सगळे कप घेऊन उभे राहिलो.

दूध फाटलं होतं. पहिला घोट मी कसाबसा गिळला. आजींनी थुंकला. चहा नव्हता, साखर घातलेलं खारं पाणी होतं. प्रकाशने स्वतःचा कप हुंगला, पुन्हा प्यायला, आणि दुखावल्यासारखा म्हणाला, "पत्ती तं नवी होती."

मंदाताईंनी त्याच्या हातातून कप घेतला आणि नवऱ्यासमोर धरला. "प्या ना. पूर्न प्या. उद्यापासून हेच हाये."

आणि दिगंबरभाऊ प्याले. सगळा कप, एका दमात, सगळ्या गावासमोर. मग कप उलटा करून खाली ठेवला. "खड्डा बुजव बापा," ते प्रकाशला म्हणाले. "खालचं खारं वर येऊन राहिलं. आमाले समजलं."

संध्याकाळी मारुतीच्या पारावर सभा झाली. बायका पहिल्यांदाच पुढे बसल्या. मी माझा हिशेब मांडला, की दलदल करते ते काम यंत्राने करायचं तर काय काय लागेल, वीज कोण भरेल, टँकर किती वेळा मागवावा लागेल. लोकांनी ऐकून घेतलं, पण खरं सांगायचं तर निकाल सकाळीच लागला होता. कारंजं पंचायतीच्या दारात बसवायचं ठरलं. नळाला पाणी येईल त्या दिवशी ते उडेल. दलदलीला हात लावायचा नाही. तसा ठराव झाला, आणि ठरावाच्या वेळी एक जण म्हणाला की मालकिणीची संमती घ्यावी. मी हात वर केला.

अकोला

परतीची गाडी अकोल्याहून होती. रुकय्याआपाही घरी निघाल्या होत्या, म्हणून आम्ही एकाच बसने गेलो. खिडकीबाहेर फुटलेला कापूस होता आणि आपा मला शेळीचे दात कसे पाहायचे ते सांगत होत्या. अकोला जवळ आलं तसा मी धीर केला.

"आपा, आता तरी सांगा. मी किती कबूल केले?"

त्यांनी माझ्याकडे कणवेने पाहिलं. "मैं बोली तो रोते बैठोगे."

स्टॅंडवर त्यांनी मला उसाचा रस पाजला, पैसे देऊ दिले नाहीत, आणि बाजाराच्या दिशेने निघून गेल्या. वैशालीला मी यंत्राच्या खर्चाचा आकडा दिला. तिने तो आणखी दोन गावांच्या सभेत वापरला. एका गावात लोक बसून राहिले म्हणे, दुसऱ्यात उठून गेले.

घरी येऊन संसाराला लागले. थंडी पडली. एका सकाळी मी दूध तापवत होते आणि दिगंबरभाऊंचा फोन आला. नेहमीसारखा, भांडण असल्यागत.

"मॅडम, तुमच्या दलदलीत बदकं उतरली. लय हायेत. दूर देशाचे दिसतेत."

"अहो, मग छान आहे की. ती दरवर्षी येत असतील ना?"

"येतेत दरसाल. पन यंदा मालक बदलला. म्हटलं इचारून घ्यावं. राहू देऊ काय?"

दूध वर येत होतं. मी गॅस बारीक केला.

"राहू द्या."

"किती दिवस?"

"त्यांना राहायचं तितके."

फोनमध्ये मागे म्हैस ओरडली.

"बरं," दिगंबरभाऊ म्हणाले. "सांगतो त्याईले."